कॉलेजांची यादी खालून वर बनवा

प्रश्न इंदूरच्याच एका वडिलांचा आहे. मुलगी बारावीत, सीबीएसई, गणित घेतलेलं. दहावीला ९७ टक्के, कोचिंगच्या टेस्टमध्ये पर्सेंटाइल ९९ च्या आसपास. घरात सोळा ठिकाणांची यादी तयार आहे: बऱ्याचशा आयआयटी, बिट्स पिलानी, पुण्याचं सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज, दोन-तीन खाजगी विद्यापीठं आणि ‘जमलं तर परदेश’. मुलीला गणित मनापासून आवडतं, पण नुसतं गणित करून पुढे काय, ही घरात धास्ती. मामा पुण्याला असतो, म्हणून पुण्याकडे ओढा जास्त. ‘यातल्या कुठे कुठे फॉर्म भरावेत?’ असं त्यांनी विचारलंय, आणि शेवटी जाता जाता, धाकट्याला अकरावीपासून कोचिंगसाठी राजस्थानात कोट्याला पाठवावं का, हेही.

मी इंदूरमध्ये बरीच वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवलं. आता मे-जून आला की ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले पालक मुलांना घेऊन येतात आणि आम्ही लॅपटॉप उघडून काउन्सिलिंगच्या याद्या भरत बसतो. त्या अनुभवावरून लिहिते आहे. तुमची कॅटेगरी, घरचं उत्पन्न, मुलगी किती लांब राहायला तयार आहे, यातलं तुम्ही काही लिहिलेलं नाही. त्याने उत्तर बदलू शकतं, ते जिथे बदलेल तिथे सांगत जाईन.

आधी तुमच्या यादीबद्दल. ती सोळा नावांची दिसते, पण जवळजवळ सगळी नावं एकाच उंचीची आहेत. एक मिळालं तर बहुतेक सगळीच मिळतील आणि एक हुकलं तर बाकीचीही हुकण्याचीच शक्यता. हुशार मुलांच्या घरी हे दरवर्षी बघते. ‘तिला तर लागणारच’ असं सगळे इतक्यांदा म्हणतात की नाही लागलं तर काय, हे विचारणंच अशुभ वाटायला लागतं. मग जुलैमध्ये कुणीतरी घाईघाईने सांगितलेल्या, कधी न पाहिलेल्या कॉलेजात मोठी फी भरून प्रवेश होतो. मुलगी कमी पडली म्हणून नव्हे. यादीच्या खालच्या अर्ध्या भागाकडे कुणी बघितलंच नव्हतं म्हणून.

९९ पर्सेंटाइल हा आकडा एकदा जमिनीवर आणू. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेला, जेईई मेनला, दोन्ही सत्रं मिळून साधारण चौदा-पंधरा लाख मुलं बसतात. ९९ म्हणजे वरचा एक टक्का, म्हणजे रँक चौदा-पंधरा हजारांच्या आसपास. ९९.५ ला ती निम्म्यावर येते, ९९.९ ला दीड हजारावर. शाळेत ९७ आणि ९८ टक्क्यांत फारसा फरक नसतो, इथे दशांशचिन्हानंतरच्या एका आकड्यावर कॉलेज बदलतं. आणि आयआयटीसाठी ही रँक चालतच नाही. मेनमधून वरचे अडीच लाख अ‍ॅडव्हान्स्डला पात्र होतात आणि आयआयटीचे प्रवेश अ‍ॅडव्हान्स्डच्या वेगळ्या रँकवर होतात. सगळ्या २३ आयआयटी मिळून जागा साधारण अठरा हजार, त्याही सगळ्या प्रवर्गांच्या मिळून. म्हणजे कोचिंगच्या टेस्टमधल्या ९९ वर तुमची मुलगी आयआयटीच्या दारात नक्की उभी आहे, पण कुठल्या आयआयटीत आणि कुठल्या शाखेत, हे आज कुणीच सांगू शकत नाही. जो छातीठोकपणे सांगतो त्याच्याकडून फक्त चहा घ्यावा.

म्हणून मी यादी खालून सुरू करायला लावते. पहिला प्रश्न असा: जवळजवळ नक्की मिळेल असं कोणतं कॉलेज आहे, जिथे तोंड वाकडं न करता ती जाईल? वाक्याचे दोन्ही भाग महत्त्वाचे. नक्की मिळणारं पण नकोसं कॉलेज यादीत असून नसल्यासारखं, कारण वेळ आली की ती तिथे जाणार नाही, ड्रॉप घेईल. आणि हवंसं पण अनिश्चित, ते तर वरच्या रांगेतलंच झालं.

इंदूरकरांचं नशीब की हा तळ आपल्याकडे चांगला भक्कम आहे, पण घरचा म्हणून त्याची किंमत नाही. एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज १९५२ पासून आहे. आपल्या आधीच्या पिढीतले निम्मे इंजिनिअर तिथलेच. देवी अहिल्या विश्वविद्यालयाचं इंजिनिअरिंग कॉलेज, आयईटी, आहे. ज्यांना विज्ञानच करायचंय त्यांच्यासाठी १८९१ सालचं होळकर कॉलेज आहे. ही नावं घेतली की पालकांचा चेहरा थोडा उतरतो, ‘हो, ते तर आहेच’. ते ‘आहेच’ फुकट मिळत नाही. मध्य प्रदेशच्या इंजिनिअरिंग कॉलेजांचं काउन्सिलिंग राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडून (डीटीई) जेईई मेनच्या रँकवर होतं, त्याचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं, मूल निवासी प्रमाणपत्र लागतं, आणि तारखा आयआयटी-एनआयटीच्या काउन्सिलिंगच्या आगेमागे असतात. हुशार मुलांच्या घरी नेमकं हेच रजिस्ट्रेशन राहून जातं. गरजच पडणार नाही असं वाटतं ना! मुलीला एखाद्या दुपारी एसजीएसआयटीएसमध्ये घेऊन जा. लायब्ररी बघू दे, तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींशी बोलू दे. आवडलं तर तुमच्या अर्ध्या चिंता तिथेच संपल्या. नाही आवडलं तर तेही आत्ता कळलेलं बरं, दुसरा तळ शोधायला वेळ आहे.

यादीत दोन जातीचे दरवाजे असतात आणि त्यांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. लोक दोन्हींना एकच अक्कल लावतात, गडबड तिथे होते.

पहिला, रँकवरचे. आयआयटी, एनआयटी, ट्रिपल आयटी यांचं काउन्सिलिंग २०१५ पासून जोसा या संयुक्त यंत्रणेमार्फत एकत्र होतं. तिथे प्रत्येक कॉलेजचा वेगळा फॉर्म नसतो, पसंतीक्रमाची एकच यादी असते आणि तिच्यात कितीही नावं टाकता येतात. म्हणजे ‘पाच आयआयटीला फॉर्म भरायचे’ असं काही नसतंच. संगणक यादी वरून वाचतो: पहिलं मिळत नसेल तर दुसरं, तेही नसेल तर तिसरं. वर अशक्य नाव लिहिलं म्हणून खालच्यावरचा हक्क कमी होत नाही. त्यामुळे इथे हुशारी करायची नाही, जे जास्त हवं ते वर, बस. ‘हे मिळण्यासारखं आहे म्हणून वर टाकू’ असं करणाऱ्या घरांत मग रडारड होते, कारण मिळण्यासारखं वर असल्यामुळे ते मिळतं आणि खाली लिहिलेलं खरं आवडीचं बघितलंच जात नाही.

दुसरा, ज्यांची वेगळी परीक्षा, वेगळा अर्ज आणि वेगळी फी असते ते: बिट्स, आयआयएसईआर या विज्ञानसंस्था, आयएसआय ही सांख्यिकी संस्था, खाजगी विद्यापीठं, परदेश. इथे मात्र निवड करावीच लागते. पैसे जातात ते जातातच, पण खरा खर्च मुलीच्या रविवारांचा. मे महिन्यात काय गर्दी असते बघा: अ‍ॅडव्हान्स्ड, बिट्सची बिटसॅट, आयएसआय, चेन्नईची गणितसंस्था सीएमआय, केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी, आयआयएम इंदूरच्या पाच वर्षांच्या कोर्सची आयपीमॅट, आणि त्याच्याच आगेमागे आयआयएसईआरची परीक्षा. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, गर्दी हटत नाही. यातल्या प्रत्येक परीक्षेची चाल वेगळी. सहा ठिकाणी अर्धवट तयारीने जाण्यापेक्षा तीन ठिकाणी नीट जावं. माझ्यासमोर यादी आली की दुसऱ्या प्रकारातली नावं मी साधारण तीन-चारवर आणते.

आता पहिल्या प्रकाराची यादी भरायला बसाल तेव्हा जोसाच्या साइटवर मागच्या वर्षांच्या ओपनिंग-क्लोजिंग रँक, म्हणजे प्रवेश मिळालेली पहिली आणि शेवटची रँक, असतात, त्या वाचायला शिका. लोक एक आकडा बघून मोकळे होतात. प्रत्येक ओळीत कॉलेज आणि शाखेच्या पुढे कोटा लिहिलेला असतो: एनआयटीसाठी होम स्टेट किंवा अदर स्टेट, कारण प्रत्येक एनआयटीत अर्ध्या जागा त्याच राज्याच्या मुलांना असतात. तुमच्यासाठी भोपाळच्या एनआयटीची, म्हणजे मॅनिटची, होम स्टेटची ओळ बघायची, सुरतच्या एनआयटीची अदर स्टेटची. ग्वाल्हेरच्या ट्रिपल आयटीला असा कोटा नाही, तिथे सगळ्या जागा अखिल भारतीय. मग प्रवर्ग, आणि लक्षात ठेवा, ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसच्या ओळीतला आकडा हा त्या प्रवर्गातला क्रमांक असतो, सर्वसाधारण रँक नव्हे. त्यापुढचा रकाना मुलीच्या वडिलांनी तरी चुकवू नये. तिथे ‘जेंडर न्यूट्रल’ आणि ‘फीमेल ओन्ली’ अशा वेगळ्या ओळी असतात. आयआयटीत मुलींसाठी जादा जागा २०१८ पासून आल्या आणि २०२० पर्यंत त्यांचं प्रमाण २० टक्क्यांवर नेलं. एनआयटीतही तशा जागा आहेत. मुलींच्या ओळीतली क्लोजिंग रँक बऱ्याच ठिकाणी पुष्कळ मोठ्या आकड्याची असते, म्हणजे तिथे मागची रँकही चालते. गेल्या वर्षी एक वडील कोचिंगवाल्याने दिलेला तक्ता घेऊन आले होते, त्यात फक्त ‘जेंडर न्यूट्रल’चेच आकडे होते, आणि त्यावरून त्यांनी मुलीच्या आवडीच्या दोन शाखा यादीतून खोडूनही टाकल्या होत्या. शेवटच्या फेरीचे, मागच्या तीन वर्षांचे आकडे बघा. मुलीची रँक त्या आकड्याच्या आसपास असेल तर ते ‘कदाचित’ समजा, बरीच आत असेल तरच ‘नक्की’.

पुढच्या फेऱ्यांत फ्रीझ, फ्लोट आणि स्लाइड असे तीन पर्याय येतात. फ्रीझ म्हणजे मिळालं ते पुरे. स्लाइड म्हणजे कॉलेज हेच, शाखा यादीत वरची मिळाली तर द्या. फ्लोट म्हणजे यादीत याच्या वरचं काहीही मिळालं तर द्या. घोळ फ्लोटमध्ये होतो. वरचं मिळालं की हातातलं आपोआप जातं, ‘नको, आधीचंच द्या’ असं चालत नाही. तेव्हा फ्लोट करण्याआधी यादीतलं वरचं प्रत्येक नाव पुन्हा वाचायचं आणि तिला विचारायचं: आत्ता हातात आहे त्यापेक्षा हे खरंच हवंय? मॅनिटची कॉम्प्युटर सायन्स हातात असलेली मुलं फ्लोटवर दूरच्या एखाद्या नव्या आयआयटीत, माहितीही नसलेल्या शाखेत जाऊन पोचलेली मी बघितली आहेत, केवळ ‘आयआयटी आहे’ म्हणून ते नाव वर टाकलेलं होतं. ‘आत तर जाऊ, मग शाखा बदलू’ या भरवशावरही राहू नका. आयआयटी मुंबईसकट काही आयआयटींनी शाखाबदल बंदच केलाय.

आता पुणे. हा विषय जरा हळवा आहे, पण सांगायलाच हवा. आपल्या मराठी घरांत पुणे म्हणजे आपलंच असतं. आजोळ तिथे, लग्नं तिथली, मामाच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी. पण महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत तुमची मुलगी परराज्यातली आहे. तिने दहावी-बारावी इथून केली, आणि तिचं किंवा तुम्हा दोघांपैकी कुणाचं महाराष्ट्राचं डोमिसाइल सर्टिफिकेट नसेल, तर ती ‘महाराष्ट्राबाहेरचे’ या गटात जाते. मामाचा पत्ता चालत नाही, आडनावही चालत नाही. मग सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशा ठिकाणी अखिल भारतीय वाट्याच्या थोड्या जागा उरतात, त्या जेईई मेनवर भरतात, आणि त्यासाठी देशभरातून चढाओढ असते. सीओईपीच्या क्लोजिंग रँक म्हणून जे आकडे नातेवाईक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात ते बहुतेक महाराष्ट्रातल्या मुलांच्या सीईटीचे असतात, तुमच्या उपयोगाचे नाहीत. अर्ज करू नका असं म्हणत नाही. सीओईपी तुम्ही ‘नक्की’ या गटात धरलेलं दिसतं, ते उचलून ‘कदाचित’मध्ये ठेवा, इतकंच. तुम्हा नवरा-बायकोपैकी कुणाचा जन्म किंवा बरीच वर्षं वास्तव्य महाराष्ट्रातलं असेल आणि डोमिसाइल मिळण्यासारखं असेल, तर ते कागद आत्ताच बघा, जूनमध्ये नको.

पुण्याचंच करायचं असेल तर एक दरवाजा असा आहे जिथे राज्य विचारत नाहीत: पुण्याचं आयआयएसईआर. आणि इथून मी तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे तुम्ही कंसात घातल्यासारखं लिहिलंय, पण माझ्या मते सगळ्यात मोठं आहे: तिला गणित आवडतं.

तुमच्या सोळा नावांत गणितासाठीचं एकही नाव नाही. मुलीच्या आवडीचा विषय यादीत नसणं म्हणजे यादी तिने केलेली नाही. रागावू नका, बहुतेक घरांत यादी बाबांच्या एक्सेलमध्ये असते.

पण ‘आवडतं’ म्हणजे काय हे आधी तपासावं. गणितात मार्क पडणं आणि गणित आवडणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जेईईची तयारी दोन्ही एकत्र कालवून टाकते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एक जुना प्रश्न देते: खोलीत सहा माणसं आहेत. त्यांच्यात एकमेकांना ओळखणारी तिघं, नाहीतर एकमेकांना अजिबात न ओळखणारी तिघं असतातच, हे सिद्ध कर. सूत्र नाही, पर्याय नाहीत. काही मुलं दोन मिनिटांत विचारतात, ‘मॅडम, ऑप्शन्स?’ काही सहा माणसांच्या सगळ्या जोड्या लिहायला घेतात, पंधरा जोड्या लिहून होतात आणि मग दमतात. आणि एखादी मुलगी सहा ठिपके काढते, एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणते, याच्याकडून पाच रेघा निघतात, ओळख असेल तर लाल, नसेल तर निळी, म्हणजे निदान तीन तरी एकाच रंगाच्या. तिथे थांबते. मग त्या तिघांच्या आपसातल्या रेघांकडे बघते आणि हसते. तोवर आईचे दोन फोन येऊन गेलेले असतात, ती उचलत नाही. ही मुलगी गणितवाली. उत्तर आलं की नाही याला मी फारसं महत्त्व देत नाही, अर्धा तास त्या प्रश्नात बसावंसं वाटलं की नाही ते बघते. तुमच्या मुलीला एखाद्या रविवारी आयएसआय किंवा सीएमआयचा जुना पेपर सोडवायला द्या. वेळ लावू नका, मार्क काढू नका. संध्याकाळी तिच्या बोलण्यावरून कळेल.

हे खरं निघालं, तर दरवाजे असे आहेत. भारतीय सांख्यिकी संस्था, म्हणजे आयएसआय, १९३१ मध्ये महालनोबिसांनी सुरू केलेली, कोलकात्याला बी.स्टॅट., बेंगळुरूला बी.मॅथ. तिथे शिक्षणशुल्क भरायचं नसतं, उलट विद्यावेतन मिळतं, हे ऐकून पालक दोनदा विचारतात. चेन्नईजवळचं सीएमआय, गणित आणि संगणकशास्त्र एकत्र. सात आयआयएसईआर, त्यातलं एक आपल्या भोपाळला आणि एक पुण्याला. पाच वर्षांचा बीएस-एमएस, प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेवर. आणि ज्यांना बी.टेक. ही अक्षरं हवीतच त्यांच्यासाठी बेंगळुरूच्या आयआयएससीत २०२२ पासून गणित आणि संगणनाचं बी.टेक. आहे, अ‍ॅडव्हान्स्डच्या रँकवर. काही आयआयटींतही त्याच नावाची शाखा आहे.

‘पुढे काय’ या धास्तीबद्दल. आयएसआयची मुलं बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या जोखमीच्या विभागांत जातात, शेअर बाजाराच्या फर्ममध्ये, डेटाच्या कामात जातात, आणि पुष्कळ जण संशोधनात. कॉम्प्युटर इंजिनिअर ज्या नोकऱ्यांच्या मागे असतात त्यातल्या कितीतरी याच मुलांना मिळतात. मात्र हे गणितात बऱ्यापैकी टिकणाऱ्यांसाठी. विषय जड आहे, वर्ग लहान असतात आणि लपायला जागा नसते. तिला गणित ‘बऱ्यापैकी’ आवडत असेल आणि इंजिनिअरिंगचंही वावडं नसेल, तर आयआयटीच सोपी. तिथे आत गेल्यावर वळायला वाव असतो.

तेव्हा तुमच्या यादीत दुसऱ्या प्रकारातले दरवाजे मी असे ठेवीन: आयएसआय, सीएमआय, आयआयएसईआर, आणि परवडत असेल तर बिट्स. बिट्सचं पैशाचं गणित आधी करा, चार वर्षांचा खर्च हॉस्टेल धरून वीस लाखांच्या वर जातो. आयआयटीची ट्यूशन फी वर्षाला दोन लाखांच्या आसपास आहे, आणि उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर दोनतृतीयांश माफ, एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण. जो दरवाजा उघडला तरी आत जायला पैसे नसतील, तो परीक्षेच्या आधीच खोडावा. नंतर मुलीच्या हातात निकाल असतो आणि तुमच्या हातात पासबुक.

खाजगी विद्यापीठांबद्दल थोडक्यात. तळ भक्कम असेल तर ती लागत नाहीत. ठेवायचीच असतील तर एक ठेवा, आणि एप्रिल-मेमध्येच ‘आज फी भरा नाहीतर जागा जाईल’ असा फोन येईल तेव्हा घाबरू नका. फी परत करण्याचे यूजीसीचे नियम आहेत, पण पैसे परत यायला पाठपुरावा करावा लागतो, हे माझ्या ओळखीतल्या एका घराने चांगलं अनुभवलंय. माहितीपत्रकातलं ‘सर्वाधिक पॅकेज’ वाचू नका. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीसाठी प्रत्येक संस्था जो डेटा देते तो तिच्या स्वतःच्या साइटवर ठेवलेला असतो. त्यात किती मुलं पास झाली, कितींना नोकरी लागली, पगाराची मीडियन किती, किती पुढे शिकायला गेली, हे वर्षवार असतं. मीडियन म्हणजे मधल्या मुलाचा पगार. एका मुलाच्या कोटीच्या पॅकेजने सरासरी फुगते, मीडियन फुगत नाही.

परदेशाचं यंदा राहू द्या असं मी म्हणेन. दिवाळी होऊन गेलीय. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची १५ ऑक्टोबर उलटली (तसंही एका वर्षी दोघांपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो). अमेरिकेच्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांच्या तारखा जानेवारीच्या सुरुवातीला आहेत. एमआयटी, हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल ही परदेशी मुलांचीही आर्थिक स्थिती न बघता निवड करतात आणि निवडलेल्याला मदत देतात, पण त्या अर्जांना निबंध, शिफारसपत्रं, सगळं वर्षभर आधी सुरू करावं लागतं. जानेवारीत मेनचं पहिलं सत्र असताना हे करायला लावणं मुलीवर अन्याय होईल. गणित करायचं असेल तर पदवी इथे करून पीएच.डी.ला बाहेर जाणं ही रुळलेली वाट आहे, आणि तेव्हा खर्च सहसा विद्यापीठच उचलतं.

कागदपत्रांचं एवढ्यासाठी सांगते, की चांगल्या रँकवाल्यांची धावपळ इथेच होते. ईडब्ल्यूएस किंवा ओबीसी नॉन क्रीमी लेयर लागू असेल तर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं आणि प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं. मागच्या वर्षीचं चालत नाही. बारावीला ७५ टक्के, किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, ही आयआयटी-एनआयटीची अट आहे, म्हणून प्री-बोर्ड अगदीच वाऱ्यावर सोडू नका. आणि खास आपल्या घरांतला घोळ: आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन शब्द आणि दहावीच्या मार्कशीटवर दोनच. फॉर्ममध्ये मार्कशीटप्रमाणे लिहा आणि आधार आत्ताच दुरुस्त करून घ्या, जूनमध्ये आधार केंद्रावर रांग लावण्याची वेळ येऊ नये.

राहता राहिला धाकटा. कोट्याला जाऊन शिकण्याबद्दल मत देत नाही, ते मुलावर आहे. पण एनआयटीचं होम स्टेट घराच्या पत्त्यावरून ठरत नाही, मूल बारावी कोणत्या राज्यातून पास झालं त्यावरून ठरतं. तो कोट्याच्या शाळेत नाव घालून बारावी करेल तर जोसाच्या लेखी राजस्थानचा होईल, मॅनिटमधल्या मध्य प्रदेशच्या अर्ध्या जागा त्याच्यासाठी बंद आणि जयपूरच्या एनआयटीतल्या उघड्या. काहींना तो सौदा फायद्याचा पडतो, काहींना नाही, पण बऱ्याच पालकांना फॉर्म भरताना पहिल्यांदा कळतं. मध्य प्रदेशच्या काउन्सिलिंगमध्ये आणि मेडिकलच्या राज्य कोट्यात पुन्हा वेगळे नियम आहेत, ते त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघायचे. कोचिंग कोट्याचं घेऊन शाळेचं नाव इंदूरमध्येच ठेवता येईल का, हे अकरावीचा प्रवेश घेण्याआधी शाळेत जाऊन स्पष्ट विचारा. आणि हजेरीबद्दल सीबीएसई हल्ली कडक झालंय, तेही त्याच वेळी विचारून घ्या.